कळसाचे सोने अस्सलच असेल, चिकटवले कशाने?

संपादक महोदय,

कळसावरचे सोने दुसऱ्याच पावसाळ्यात उतरल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. ग्रामस्थ म्हणतात सोने नकली, कारागीर २४ कॅरेटची पावती दाखवतो. माझी उमेदीची वर्षे गिरगावात दुकानांच्या काचांवर सोनेरी अक्षरे काढण्यात गेली, पुढे देवळांचीही कामे केली. बातमीसोबतचा फोटो पाहून मला तरी पावती खरी वाटते. नकली वर्ख पितळेचा असतो, तो जागच्या जागी काळा-हिरवा पडतो. फोटोतले पापुद्रे सुटलेत, पण पिवळेधमक आहेत. शिवाय वर्खाची जाडी ०.१ मायक्रॉनच्या आसपास. त्याचा स्वतःचा पापुद्रा कुठून निघणार? निघतो तो खालच्या साइजचा, म्हणजे चिकटवायच्या थराचा. सोने बिचारे त्याच्या पाठीवर बसून येते.

मंडळी सोन्याचे वजन विचारतात, कॅरेट विचारतात, साइज कोणता हे कोणीच विचारत नाही. आणि तो प्रत्येक पृष्ठभागाला वेगळा लागतो. काचेवर आम्ही जिलेटिन वापरायचो. औषधाची एक रिकामी कॅप्सूल अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये उकळून विरघळवायची, बस्स. जास्त घातले की सोन्यावर दुधी डाग दिसतात. काच त्या पाण्याने न्हाऊ घालायची, चपटा ब्रश गालावरून फिरवायचा, त्या जराशा तेलकटपणावर वर्ख उचलला जातो, आणि काचेजवळ नेताच तो झेप घेऊन चिकटतो. सुकल्यावर मागून अक्षरे रंगवायची आणि उरलेले सोने ओल्या कापसाने पुसायचे. सगळे काम काचेच्या आतल्या बाजूने, अक्षरे उलटी. पाऊस तिथवर पोचतच नाही, म्हणून इतका अशक्त साइजही वर्षानुवर्षे टिकतो.

घरातल्या लाकडी मखराला खडू आणि सरसाचे अस्तर, त्यावर तांबडी माती, मग पाणी मारून वर्ख. नंतर अकीकाच्या दगडाने घोटला की आरशासारखी चमक येते. लाकडावर अशी चमक दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने येत नाही. पण हे काम उघड्यावर ठेवाल तर सरस एका पावसात फुगतो.

कळसाला हवा जवसाच्या तेलाचा साइज. तांब्यावर आधी धातूचा प्रायमर, नाहीतर वर्खाच्या बारीक छिद्रांतून हिरवा गंज वर येतो. तेलाचा साइज तीन तासांत तयार होणारा मिळतो आणि बारा तासांतलाही. घाईच्या गिऱ्हाइकाला पहिला आवडतो, पण चकाकी दुसऱ्यालाच. बोटाचे पेर टेकवून उचलावे: बोटाला काही लागले नाही आणि बारीक 'टच्' आवाज आला की वर्ख लावायची वेळ झाली. त्याआधी लावला तर सोने बुडते आणि निस्तेज दिसते, उशीर झाला तर धरत नाही. हल्ली बाटलीतला पाण्याचा ॲक्रिलिक साइज सर्रास वापरतात. पंधरा-वीस मिनिटांत तयार, वास नाही, हात पाण्याने धुतले की झाले. घरातल्या फोटोफ्रेमला उत्तम. उन्हापावसातल्या कळसाला मी तो लावणार नाही, आणि बातमीतल्या गावात तोच लागला असावा असा माझा दाट संशय आहे.

ग्रामस्थांना एकच सांगणे. सोनाराकडे कस लावायला जाण्याआधी एक पापुद्रा उलटा करून पाहा. मागे प्रायमरही आला असेल तर तांबे नीट घासले नव्हते. नुसताच साइज आला असेल तर तो चुकीचा होता, किंवा ओल्या हवेत लावला होता. नवे काम दिवाळीनंतर काढा, निविदेत साइजचा प्रकार आणि सुकण्याचे तास लिहून घ्या, आणि वरून वॉर्निश मारू देऊ नका. अस्सल सोन्याला त्याची गरज नसते. उन्हाने पिवळे पडून सुटते ते वॉर्निशच.

— एक निवृत्त पेंटर, डोंबिवली (पूर्व)