ब्रायटनच्या कार्डाबद्दल

लंडन
रविवार, ७ जून १९६४

तीर्थरूप बाबा व आई यांस,
बाळचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

दादाचं पत्र गुरुवारी संध्याकाळी हातात पडलं. बेबीला कराडचं स्थळ सांगून आलंय हे जिन्यातच वाचलं आणि तिथेच उभा राहून हसलो. खोलीत जाऊन पुढचं पान उलटलं, तर तुम्ही सगळे माझ्या काळजीने अर्धे झालेले. चूक माझीच. ब्रायटनचं ते चित्राचं कार्ड मी हौसेने तिथल्याच पेटीत टाकलं. ते साताऱ्यात पोचायला आणि ब्रायटनच्या किनाऱ्यावर पोरांच्या टोळ्यांनी धुमाकूळ घातल्याची बातमी पेपरात यायला एकच गाठ पडली. आई, मी खुशाल आहे. अंगावर ओरखडासुद्धा नाही. जेवणखाण, काम, खोली सगळं मागच्या पत्रासारखंच आहे, ते पुन्हा लिहीत नाही.

पण 'असल्या गुंडांच्या देशात राहण्यापेक्षा परत ये' हे दादाचं वाक्य मनाला लागलं. पेपरवाल्यांनी ज्यांना गुंड म्हटलंय त्यांना मी रोज पाहतो. त्यांच्यातल्या कितीतरी पोरांचे कोट माझ्या हाताखालून जातात. म्हणून आज सुट्टीचा दिवस घालवून सविस्तर लिहायला बसलोय.

ही पोरं दोन तऱ्हांची आहेत. एक मॉड आणि दुसरे रॉकर. पाचसहा वर्षांपूर्वी लंडनमधल्या काही तरुणांना नव्या धर्तीचं जॅझ ऐकायचा नाद लागला. त्यांना मॉडर्निस्ट म्हणत, त्याचंच तोडून मॉड झालं. यांच्याकडे स्कूटर असते, पुण्याजवळ आकुर्डीला होते ती व्हेस्पा नाहीतर मुंबईत जोडतात ती लँब्रेटा. पुढे आरशांची आणि दिव्यांची एवढी गर्दी करतात की पोळ्याचा बैल वाटावा. सूट मळू नये म्हणून वरून अमेरिकन सैन्याचा जुना खाकी कोट घालतात. रॉकर म्हणजे मोटरसायकलवाले. ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन या गाड्या, अंगात काळं चामड्याचं जाकीट, केसाला तेल. दोन्हीकडची पोरं कष्टकऱ्यांच्या घरची. पंधराव्या वर्षी शाळा सुटते, सोळाव्या वर्षी पगार हातात येतो. सैन्यातली सक्तीची दोन वर्षं १९६० साली बंद झाली, तेव्हापासून पोरांच्या हातात वेळही आहे आणि पैसाही. गाडी हप्त्याने मिळते. एवढं लक्षात घेतलं की बाकीचं आपोआप समजतं.

आता आईला एक गोष्ट सांगायची आहे. आमच्या घरमालकीणबाईंचा मुलगा मॉड आहे, अठरा वर्षांचा. मागच्या महिन्यात एका शनिवारी दुपारी न्हाणीघराचं दार अर्धं उघडं होतं आणि हा टबात गरम पाण्यात बसला होता, पँट घालून! मला वाटलं भाजलं बिजलं असेल. विचारलं तर म्हणाला, पँट बसवतोय. आई, ही पँट अमेरिकन, निळ्या जाड सुती कापडाची, खाण कामगार घालायचे तशी. नवी असते तेव्हा पुठ्ठ्यासारखी ताठ. ही मुद्दाम कमरेला एक-दोन इंच ढगळ घ्यायची. मग गॅसच्या मीटरमध्ये नाणं टाकून टब गरम पाण्याने भरायचा, पँट घालायची, बटणं लावायची आणि आत बसायचं. अर्धा-पाऊण तास. पाणी सोसवेल तेवढं कढत हवं. कापड आटतं आणि मांडीला, पोटरीला, जिथे जसं अंग तसं घट्ट बसतं. बाहेर आला की पंच्याने पुसायचंही नाही. अंगावरच वाळवायची, म्हणून घरभर दोन तास ठिपके पाडत हिंडत होता. टबाला निळी कड धरली. त्याच्या आईने ती सोडा लावून घासली आणि एक शब्द बोलली नाही.

बाबा, तुम्हाला यात नवल वाटणार नाही. गिऱ्हाइकाने मांजरपाट आणला की तुम्ही आधी तो रात्रभर हंड्यात भिजवायला लावता, मग कात्री. आपण भिजवून शिवतो, हे लोक शिवून भिजवतात, तेही अंगासकट. मला तुमचा तो पितळी हंडा आठवला आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही. म्हणजे तब्येत बरी होती, आई, नुसती आठवण आली.

सुटाच्या बाबतीत तर ही पोरं आपल्या जातीची आहेत. लंडनच्या सोहो भागातल्या आमच्या शिवणकामाच्या तळघरात शुक्रवारी संध्याकाळी पगाराचं पाकीट घेऊन येतात. कोटाला तीन बटणं, कॉलरचा पुढचा पट्टा अरुंद, मागे दोन कट. हे कट किती लांब यावर वाद घालतात. एका पोराने पाच इंच सांगितले आणि दहा दिवसांनी ट्रायलला आला तेव्हा म्हणाला, सात करा, पाच आता जुने झाले. मनगटाची काजं खरी हवीत, नुसती शिवलेली चालत नाहीत. पँटची मोहरी सतरा इंच, कुणाला सोळा. कापड मोहेर नावाच्या लोकरीचं, दोन रंगांच्या धाग्यांचं, आपल्या धूपछाव लुगड्यासारखं. दिव्याखाली निळं आणि वळलं की तपकिरी. आठवड्याला दहा-अकरा पौंड मिळवणारं, गोदामात खोकी उचलणारं पोरगं आरशासमोर उभं राहतं आणि डावा खांदा एका धाग्याने उतरलाय हे त्याला दिसतं. साताऱ्याच्या दुकानात असा डोळा मी फक्त तुमचा पाहिला होता. काज कसं भरायचं हे तुम्ही मला थोबाडीत देऊन शिकवलंत, आणि आता आमचे मुख्य कटर काजं माझ्याकडेच देतात. हे तुम्हाला कधीपासून लिहायचं होतं.

घरमालकीणबाईंच्या मुलाच्या खोलीतून भिंतीपलीकडून गाणी येतात. सगळे गायक नीग्रो, अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे, नाहीतर जमैकाचे. जमैकातून आलेल्या मिली नावाच्या अगदी कोवळ्या मुलीचं एक गाणं यंदा इथे दुसऱ्या नंबरापर्यंत चढलं. तबल्याचा ठेका सम सोडून मधल्या मात्रेवर उचलावा तसा त्याचा झोक आहे. मला आधी कलकलाट वाटायचा, आता काज भरताना हात त्याच चालीने चालतो. आमच्या तळघरापासून चार पावलांवर हॅम यार्ड म्हणून बोळ आहे. तिथे सीन नावाचा क्लब आहे, तिथे अशा तबकड्या लावतात आणि पोरं रात्रभर नाचतात. दादाने गोळ्यांबद्दल विचारलं. हो, जागरणासाठी काही पोरं गोळ्या घेतात आणि त्यावर पार्लमेंटात कायदा येतोय. मी त्या क्लबात पाऊल टाकलेलं नाही आणि चहाखेरीज मला कशाचीही सवय नाही. शपथ घालायची गरज नव्हती.

रॉकरबद्दल पेपरात जास्तच वाईट येतं, म्हणून हेही सांगतो. आमच्या खालच्या खोलीत एक मेकॅनिक राहतो. हात कायम काळे, बोलणं कमी. त्याने एकदा मला मागे बसवून नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरच्या एस कॅफेत चहाला नेलं. लॉरीवाल्यांसाठी रात्रभर उघडं असणारं ते हॉटेल आहे. तिथे पैसे टाकून गाणं लावायचं यंत्र आहे. गाणं सुरू झालं की एकाने गाडी काढायची, ठरलेल्या चौकापर्यंत जाऊन गाणं संपायच्या आत परत यायचं, अशा शर्यतीच्या गोष्टी तिथे प्रत्येक टेबलावर ऐकू येतात. गाणं जेमतेम अडीच-तीन मिनिटांचं. (मी बसलो होतो तेव्हा गाडी सावकाश चालली होती.) यांची गाणी दहा वर्षांपूर्वीची, रॉक अँड रोल. एडी कॉक्रन म्हणून अमेरिकन गायक होता, तो १९६० च्या एप्रिलमध्ये इथेच चिपनमजवळ मोटार अपघातात गेला, वय एकवीस. मेकॅनिकच्या उशाशी त्याचा फोटो आहे, आपण देवाचा लावतो तसा. आणि याच पोरांसाठी बिल शेरगोल्ड नावाच्या एका पाद्र्याने चर्चच्या फिफ्टीनाइन क्लबात मोटरसायकलवाल्यांची शाखा काढलीय. पहिल्यांदा एस कॅफेत गेला तेव्हा पाद्र्याची कॉलर मफलरखाली झाकून गेला होता. अशा माणसाला जी पोरं जवळची वाटली ती सरसकट वाईट कशी म्हणायची?

आता ब्रायटन. सुरुवात ईस्टरला क्लॅक्टन नावाच्या गावी झाली. ऐंशी वर्षांत एवढा थंड ईस्टर पडला नव्हता म्हणतात. पोरांना करायला काही नाही, दुकानदार वैतागलेले, त्यातून ढकलाढकली आणि काचफोड. सत्त्याण्णव जणांना धरलं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात जणू परचक्र आलं. मग मे महिन्याच्या सुट्टीत मार्गेट आणि ब्रायटनला सगळेच तयारीने गेले, पोरंही आणि फोटोवालेही. आम्ही इथल्या मराठी मंडळातले चौघे सोमवारी, १८ तारखेला, व्हिक्टोरियाहून गाडीने गेलो ते समुद्र पाहायला. तिथे वाळू नाही, नुसते गोटे. ऊन चांगलं होतं. मत्स्यालयाच्या गच्चीवरून काही पोरांनी कापडी खुर्च्या खाली फेकल्या, खालची पळाली, पोलीस मागे लागले. आरडाओरडा झाला हे खरं. पण पळणाऱ्यांपेक्षा बघणारे दसपट होते. माझ्या शेजारच्या बाकावर एक म्हातारी शेवटपर्यंत सँडविच खात बसली होती. आम्हा चौघांकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. भांडण त्यांचं त्यांच्यात होतं.

मार्गेटचे न्यायाधीश डॉ. सिम्पसन त्या पोरांना भुसा भरलेले सीझर म्हणाले, म्हणजे नुसतेच पोकळ सम्राट. पंच्याहत्तर पौंड दंड झालेल्या एका पोराने चेकने भरतो म्हणून सांगितलं ते सगळ्या देशाने छापलं. नंतर कळलं की त्याचं बँकेत खातंच नव्हतं. न्यायाधीशांपुढे मान खाली जाऊ नये म्हणून पोरगं बोलून गेलं असणार. मला त्याची फार दया आली.

बाबा, तुम्ही १९५८ च्या नॉटिंग हिलच्या दंगलीची आठवण काढलीत. ती काळ्या लोकांवरच होती, ते नाकारत नाही. खोली शोधताना माझ्याही तोंडावर दारं लागली, ते तेव्हा लिहिलं नव्हतं, आता लिहितो. पण ज्या घरी दार उघडलं ते याच मॉड पोराचं घर. २७ तारखेला पंडितजी गेल्याची बातमी आली तेव्हा त्याने आपण होऊन गाणी बंद केली आणि दुसऱ्या दिवशीही लावली नाहीत. आम्ही काहीजण इंडिया हाऊसला, आपल्या हायकमिशनच्या कचेरीत, जाऊन आलो. तिथे गेल्यावर आपण किती लांब आहोत हे कळतं. तुम्ही दुकान बंद ठेवलं असेलच.

कागद संपत आला. पैशाचं लिहितो. या पत्राबरोबर पंधरा पौंडांचा ड्राफ्ट आहे, त्याचे दोनशे रुपये होतील. त्यातून आधी बाबांचा चष्मा करायचा. दादा, हे तुला सांगतोय, कारण बाबा ते पैसे बेबीच्या नावाने ठेवतील. संध्याकाळी दिव्याखाली काळं कापड घेऊ देऊ नकोस.

कराडच्या मंडळींनी स्कूटर मागितली हे वाचलं. इथे सोळा वर्षांची पोरं हप्त्यावर स्कूटर घेतात हे मी वर लिहिलं, ते लिहिताना हात अडखळला. मला ते जमणार नाही, बाबा. जमत असतं तर मी तुमची परवानगीही विचारली नसती. नंबर लावून गाडी मिळायलाच काही वर्षं जातील, आणि कर्ज काढून नंबर लावू नका. मुलगा स्वभावाने चांगला असेल तर तो गाडीवाचून बेबीला नांदवेल. नाहीतर दुसरं स्थळ बघा, माझी बहीण आहे ती. लग्नाला मी येऊ शकत नाही. बोटीचं भाडं आणि लग्नाचे पैसे दोन्ही माझ्याच्याने होत नाहीत, तेव्हा पैसेच पाठवतो. आई, रडू नकोस. माझ्या लग्नाचं बेबीचं झाल्यावर बघू. इथे कुणी नाही, खरंच नाही.

जमलं तर मुलाचा सूट मी शिवतो. रात्री काम संपल्यावर मशीन रिकामं असतं. बाबा, माप मात्र तुम्ही स्वतः घ्या, दुसऱ्याला घेऊ देऊ नका. छाती, कंबर, खांदा, बाही, पाठीची उंची, आणि खांदा कुठला उतरता आहे ते. मोहरी एकोणीस धरतो, कराडात सतरा चालायची नाही.

लहानांस आशीर्वाद, मोठ्यांस नमस्कार. उत्तर लवकर टाका.

तुमचा,
बाळ

ता. क. निघताना तुम्ही शिवून दिलेली करडी पँट ब्रायटनला घातली होती. गर्दी पळाली तेव्हा मीही पळालो आणि गोट्यांवर पडलो. डावा गुडघा फाटला. आतून रफू केलंय, पँटच्या दुमडीतलाच धागा काढून. उजेडात धरलं तरी दिसत नाही. तरी तुम्हाला दिसेल.