विषय: ९९.९९९ च्या नावाखाली आलेला आर्गॉन

मॅनेजर साहेब,

तुमच्या टेक्निकलवाल्यांचा फोन आत्ताच ठेवला. सहावा फोन.

मागच्या मंगळवारी आलेलं निळं सिलिंडर, बिलावर ९९.९९९ टक्के आर्गॉन, पैसेपण त्याचेच लावलेत. काम डेअरीच्या ३०४ स्टेनलेस स्टील पाइपच्या वेल्डिंगचं, आतलं पर्जिंगपण, म्हणजे पाइपातली हवा गॅसनं बाहेर काढणं, तुमच्याच गॅसवर. टॉर्चमधल्या टंगस्टनच्या काडीचं टोक काळंनिळं पडलं, वेल्डला बारीक भोकं, आणि पाइप कापून बघितला तर आतून काळी दाणेदार खरपुडी. असे ९ जॉइंट कापून फेकले. शेजारच्या वर्कशॉपमधून सिलिंडर उसनं आणलं, तोच टॉर्च, तीच नळी, तोच रेग्युलेटर, फ्लो तोच १० लिटर, आणि वेल्ड चांदीसारखा.

यावर तुमचे साहेब म्हणतात, "सर, आर्गॉन इनर्ट आहे, तो कशाशी रिअ‍ॅक्ट होत नाही, मग खराब कसा होईल?" म्हटलं आर्गॉन नसेल होत, त्यात घुसलेला ऑक्सिजन आणि ओल गप्प बसते का? तर म्हणे वाऱ्यानं गॅस उडत असेल, पंखा बंद करा. पंखा बंदच होता हो, शटर अर्धं खाली ओढून तिघं घामानं निथळत होतो! मग म्हणे, "९९.९ काय नि ९९.९९९ काय, पॉइंटनंतरचा तर फरक आहे." आणि हसले. बरोबर, पॉइंटनंतरचाच. ९९.९ म्हणजे दहा लाखात हजार भाग कचरा आणि ९९.९९९ म्हणजे दहा, त्या पॉइंटनंतरचेच तर जास्तीचे पैसे घेता ना? ऑक्सिजन उणे १८३ ला उकळतो, आर्गॉन उणे १८६ ला, हवेतून आर्गॉन काढताना त्या तीन डिग्रीत दोघांना वेगळं करायचं असतं, हे मला आयटीआयवाल्याला कळतं. मी एवढंच विचारलं होतं की भरायच्या आधी सिलिंडर व्हॅक्यूम केलं होतं का. उत्तर काय, "रेग्युलेटर चेक करा." चेक केलाय, वर लिहिलंय, तोच रेग्युलेटर!

आणि सर्टिफिकेटवरचा नंबर सिलिंडरवर ठोकलेल्या नंबरशी जुळत नाही, हे पहिल्या फोनपासून सांगतोय. पुन्हा सांगतो, जुळत नाही. म्हणजे टेस्ट केली ती कुठल्या सिलिंडरची?

१४ वर्षं तुमचाच गॅस घेतोय, दुसरा स्वस्त मिळत असताना. सिलिंडर अर्धं भरलेलं आहे, व्हॉल्व्ह बंद करून ठेवलंय. न्यायला गाडी पाठवलीत तर रिकामी जाईल, आधी माझ्यासमोर सॅम्पल काढायचं, ऑक्सिजन आणि मॉइश्चर दोन्ही तपासायचं. ९ जॉइंटचा पाइप आणि मजुरीचं बिल सोबत जोडलंय, ८ दिवसांत पैसे नाही आले तर ग्राहक आयोगात भेटू. आणि त्या हसणाऱ्या साहेबांना तिथे नक्की घेऊन या, पॉइंटनंतरचा फरक तिथे समजावून सांगू देत.