मेडिकल कोडिंगकडे वळणाऱ्यांनी आधी चार्ट वाचायला शिकावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या करिअरविषयक पुरवणीत मेडिकल कोडिंगवर, म्हणजे रुग्णाच्या नोंदी (चार्ट) वाचून त्यातल्या निदानांना व उपचारांना बिलासाठी ठरावीक कोड लावण्याच्या कामावर, आलेला लेख वाचला. काही महिन्यांचा अभ्यासक्रम, एक परीक्षा आणि लगेच नोकरी असे जे चित्र त्यातून उभे राहते, ते अगदी खोटे नाही. पण या कामात सतरा वर्षे काढलेल्या आणि त्यातली निम्मी इतरांचे कोडिंग तपासण्यात घालवलेल्या मला ते फार अपुरे वाटले. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आयसीडी-१०-सीएम या वर्गीकरणात निदानाचे ७० हजारांहून अधिक कोड आहेत आणि ते कोणीही पाठ करत नाही, करायची गरजही नसते. कोड शोधून देणारे सॉफ्टवेअर हाताशी असते. डॉक्टरांनी नेमके काय लिहिले आहे, काय लिहायचे राहिले आहे आणि ती राहिलेली जागा आपण स्वतःच्या तर्काने भरत तर नाही ना, हे ओळखणे मात्र कोणतेही सॉफ्टवेअर शिकवत नाही.

माझ्याच पहिल्या वर्षातली चूक सांगते. डिस्चार्ज समरीत 'युरोसेप्सिस' असा एकच शब्द होता. ताप होता, रक्तदाब खाली गेलेला होता, लॅक्टेट वाढलेले होते, शिरेतून प्रतिजैविके चालू होती. मी सरळ सेप्सिसचा (संसर्गामुळे शरीराचे अवयव धोक्यात येण्याच्या गंभीर अवस्थेचा) ए४१.९ हा कोड लावला आणि चार्ट पुढे ढकलला. ऑडिटमध्ये तो परत आला. आयसीडी-१०-सीएमच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की 'युरोसेप्सिस' हा संदिग्ध शब्द आहे, तो सेप्सिसचा पर्याय मानू नये, त्याला स्वतःचा कोड नाही आणि तो आढळल्यास डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. डॉक्टरांच्या मनात केवळ मूत्रमार्गाचा संसर्ग असेल तर कोड एन३९.०, आणि संसर्गामुळे खरोखर सेप्सिस झाला असेल तर ए४१ च्या गटातला. या दोहोंमध्ये रुग्णालयाला मिळणाऱ्या रकमेचा फरक मोठा असतो, म्हणून विमा कंपनीचा तपासनीस आधी अशाच जागी बोट ठेवतो. माझा अंदाज कदाचित बरोबरही असेल, पण निदान करणे हे माझे काम नव्हते.

हेच सोडियमचे. अहवालात आकडा १२६ दिसला, तरी डॉक्टरांनी 'हायपोनेट्रेमिया' (रक्तात सोडियम कमी असणे) असे लिहिल्याशिवाय ई८७.१ लावता येत नाही. मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराचा टप्पाही ईजीएफआरच्या, म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता दाखवणाऱ्या तपासणीच्या, आकड्यावरून कोडरने ठरवायचा नसतो. 'न्यूमोनियाची शक्यता' या शब्दांचे तर स्थळ बदलले की नियमच बदलतात: रुग्ण दाखल असेल आणि डिस्चार्जच्या वेळी तसे लिहिले असेल तर तो न्यूमोनिया म्हणूनच कोड होतो, बाह्यरुग्ण विभागात मात्र शक्यतेला कोड नाही, तिथे खोकला आणि ताप ही लक्षणेच कोड करावी लागतात. (दाखल रुग्णांच्या या सवलतीलाही एचआयव्हीसारखे अपवाद आहेत. नवखे कोडर तिथेच अडखळतात.)

डॉक्टरांना पाठवायचा प्रश्न, म्हणजे आमच्या भाषेत 'क्वेरी', लिहिणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि त्याबद्दल लेखात एक ओळही नव्हती. 'रुग्णाला सेप्सिस होता असे नमूद कराल का?' ही क्वेरी चालत नाही, कारण उत्तर प्रश्नातच भरवलेले आहे. ताप, रक्तदाब, तपासण्या, उपचार जसे चार्टमध्ये आहेत तसे मांडायचे, वैद्यकीयदृष्ट्या संभवणारे पर्याय द्यायचे, त्यांत 'अन्य' आणि 'सांगता येत नाही' हेही ठेवायचे, आणि पैशांचा उल्लेख चुकूनही करायचा नाही. हे ज्याला जमते तो कोडरपासून क्लिनिकल डॉक्युमेंटेशन विशेषज्ञापर्यंत (डॉक्टरांच्या नोंदी स्पष्ट व पूर्ण करून घेणाऱ्यापर्यंत) सहज जातो. परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधर या वाटेवर लवकर पुढे जाताना मी पाहिले आहेत, कारण त्यांना चार्टमधला रुग्ण दिसतो.

परीक्षांविषयी थोडेसे. एएपीसी या संस्थेची सीपीसी ही बहुतेकांची पहिली पायरी. अनुभव नसताना उत्तीर्ण झाल्यास नावापुढे सीपीसी-ए लागते आणि त्यातला 'ए' म्हणजे अप्रेंटिस, अर्थात शिकाऊ उमेदवार, हे शिकवणी वर्ग सहसा सांगत नाहीत. दाखल रुग्णांच्या कोडिंगकडे जायचे असेल तर एएचआयएमए या संस्थेची सीसीएस ही परीक्षा अधिक उपयोगी, पण एखादे वर्ष प्रत्यक्ष चार्ट हाताळल्यावरच ती द्यावी. कोणतीही परीक्षा द्या, शरीररचना आणि रोगप्रक्रिया टाळून पुढे जाऊ नका. आयसीडी-१०-सीएमच्या सूचना दरवर्षी १ ऑक्टोबरला आणि सीपीटी हे उपचारप्रक्रियांचे कोड १ जानेवारीला बदलतात. ते बदल मूळ दस्तऐवजातून वाचावेत, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सारांशातून नव्हे.

यंत्र हे काम गिळून टाकेल का, हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारते. साधे, एकसारखे चार्ट यंत्राकडे जात आहेत, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. पण पाच वर्षांपूर्वी पक्षाघात होऊन गेलेल्या आणि मागे काहीही दोष न राहिलेल्या रुग्णाला झेड८६.७३ ऐवजी ताज्या पक्षाघाताचा आय६३.९ यंत्राने सुचवलेला मी अनेकदा खोडला आहे. जुन्या नोंदीतला परिच्छेद जसाच्या तसा नव्या नोंदीत चिकटवण्याची डॉक्टरांची सवय अशा चुकांना खतपाणी घालते. तासाला इतके चार्ट असे टार्गेट डोक्यावर असलेला कोडर सुचवलेला कोड स्वीकारून मोकळा होतो, आणि ती चूक त्या रुग्णाच्या नोंदीत वर्षानुवर्षे राहते. म्हणूनच नोकरी स्वीकारताना पगाराइतकेच हेही विचारावे, की अचूकता कशी मोजली जाते आणि क्वेरी पाठवण्यात गेलेला वेळ टार्गेटमध्ये धरला जातो की नाही.

आपल्याला एक विनंती आहे. पुढच्या पुरवणीत या क्षेत्राविषयी पुन्हा लिहिले जाणार असेल, तर नमुन्यादाखल तयार केलेली एक चार पानी डिस्चार्ज समरी त्यासोबत छापावी. ती शेवटपर्यंत वाचताना ज्याला कंटाळा येईल, त्याचे अभ्यासक्रमाचे शुल्क तरी वाचेल.

आपली नम्र,
एक मेडिकल कोडर व ऑडिटर