अंजन म्हणजे काजळ नव्हे

गुहागर, फाल्गुन

प्रिय बंड्या,

नातीच्या डोळ्यांत काजळ घालायचं की नाही यावरून तुमच्याकडे सासू-सुनेची जुंपलीय आणि तू ‘शास्त्रात अंजन सांगितलंय’ म्हणून वहिनींच्या बाजूला उभा! बायकोची बाजू घे, पण शास्त्राला मध्ये ओढू नकोस.

संस्कृतात ‘अञ्ज्’ म्हणजे माखणं, चोपडणं. दिवाळीतला अभ्यंग त्याच धातूचा. तिथे तेल अंगाला, इथे औषध डोळ्याला, एवढाच फरक. त्या धातूत रंग नाही. काजळ हे ‘कज्जल’, दिव्याची काजळी. चरकसंहितेत रोजचं म्हणून सौवीरांजन आहे, ते खनिज, काळपट. पण पाचव्या किंवा आठव्या रात्री डोळ्यांतलं पाणी काढायला सांगितलंय ते रसांजन: दारुहळदीचा काढा आटवून केलेलं, पिवळट-तपकिरी. काजळाने कुणाचे डोळे चुरचुरतात रे? ‘झणझणीत अंजन’ म्हणायला रसांजनच हवं.

औषध वाटून, वळून वाळवायचे. त्याला वर्ती म्हणत. घालायच्या वेळी ती उगाळायची, आपण बाळगुटी सहाणेवर उगाळतो तशी. गंमत म्हणजे ग्रीकही हेच करायचे. त्यांचा शब्द ‘कोलिरिऑन’, मूळ अर्थ छोटा पाव! औषधाच्या वड्यांचा आकार तसा. रोमन वैद्य तर त्यांवर स्वतःच्या नावाचा शिक्का उठवत. जाहिरातीचा सोस तेव्हाही होताच.

वहिनींच्या बाजूने एकच पुरावा सापडतो. अथर्ववेदात त्रिककुद पर्वतावरच्या आंजनाचं सूक्त आहे. ते माणसांचं, गाईंचं, घोड्यांचं रक्षण करतं म्हणे. म्हणजे दृष्ट-बाधेचा भाग तितकाच जुना. पण बाजारी सुरम्यात बऱ्याचदा गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज असतं. पोर डोळा चोळणार, बोट तोंडात घालणार, आणि शिसं पोटात. सूनबाईचं बरोबर आहे.

इकडे सड्यावर अंजनी फुललीय, फांद्यांना बिलगून निळे-जांभळे झुबके. हिला मात्र हे नाव रंगावरूनच पडलं असावं, एवढी सूट मी तुला देतो.

वहिनींना सांग, समईवर वाटी धरून घरची काजळी काढा आणि पोरीच्या कानामागे तीट लावा. डोळ्याला हात लावू नका. भांडण मिटलं तर कळव, नाही मिटलं तर शिमग्याला सगळ्यांना घेऊन इकडेच ये.

तुझा,
अप्पा