बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या लेथवाल्या काकांना, पालिओच्या पुढच्या चाकांबद्दल

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

फियाट पालिओ 1.6 जीटीएक्स 2001 साली आली. 1596 सीसी, सोळा व्हॉल्व्ह, 100 अश्वशक्ती. बडोद्यातल्या आमच्या पालिओ स्प्रिंगा बदलून 40 मिमीने बसक्या केलेल्या. त्या वळणात बाहेर जातात, खड्ड्यावर स्टीअरिंगला हिसका देतात आणि टायरची बाहेरची कड खातात. अलाइनमेंटच्या मशीनवर मात्र सगळे आकडे हिरवे. तुम्ही म्हणालात, मशीन उभ्या गाडीचं माप घेतं, चाक तर वरखाली होत असतं. पुढचं सगळं काम त्या एका वाक्यावर उभं राहिलं, म्हणून पहिले आभार त्याचे.

गाडी खाली आली की लोअर आर्मचं (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी खालची दांडी) चाकाकडचं टोक वर राहतं. आर्म 340 मिमीचा धरला तर 40 मिमीने पावणेसात अंशांचा फरक पडतो. मॅकफर्सन स्ट्रटला (स्प्रिंग आणि डॅम्पर एकत्र असलेला, चाकाला वरून धरणारा खांब) हा कोन फार महागात पडतो. गुरुत्वमध्य 40 मिमी उतरतो, रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) त्याहून बरंच जास्त घसरतं, दोघांतलं अंतर वाढतं आणि बसकी गाडी उलट जास्त कलू पाहते. शिवाय आर्म आधीच वर चढलेला, त्यामुळे स्ट्रट दबताना मिळायचा तो निगेटिव्ह कॅम्बरही (चाकाचा वरचा भाग आत झुकणं) हातचा जातो. इथे लोक आणखी कडक स्प्रिंग घालतात. तुम्ही बॉल जॉइंट, म्हणजे आर्म आणि चाक यांच्यामधला गोळीचा सांधा, खाली आणायला सांगितलंत.

त्यासाठी लेथवर करून दिलेल्या बॉल जॉइंटच्या पिनेसाठी तुमचे किती आभार मानावेत! नकलमध्ये (चाकाचा हब धरणारा भाग) बसणारा भाग मूळ मापाचा, फक्त मान 20 मिमी लांब. त्यातून 3.4 अंश परत मिळतात. 40 का नाही, तर 14 इंची रिमच्या आत जॉइंटला किमान 6 मिमी मोकळीक हवी आणि मान जितकी लांब तितका तिच्या मुळाशी वाकवणारा जोर जास्त. साध्या लोखंडाचा तुकडा वेल्ड करून द्यायला तुम्ही साफ नकार दिलात. ईएन 24 या मजबूत मिश्र पोलादाची सळई, मानेच्या मुळाशी धारदार कोपरा न ठेवता 3 मिमीची त्रिज्या, आणि टूलच्या रेघा पॉलिशने घालवलेल्या, कारण तडा तिथूनच सुरू होतो. झिंक प्लेटिंगही करू दिलं नाहीत. प्लेटिंगमध्ये शिरलेल्या हायड्रोजनने कडक केलेलं पोलाद ठिसूळ होतं, हे ठाऊक असलेला कारागीर शोधून सापडत नाही.

आर्म सरळ झाला, पण टाय रॉड (स्टीअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणारी दांडी) तिरकाच राहिला. पुष्कळ जण काम इथेच संपलं असं मानतात आणि मग एक्स्प्रेस वेवर ब्रेक दाबताच नाक खाली जातं आणि गाडी डावी-उजवी भटकते. हा बम्प स्टीअर, म्हणजे वरखाली होताना चाक आपोआप वळणं. तो अंदाजाने नाही, मोजूनच काढायचा, हा तुमचा आग्रह. स्प्रिंग काढून नुसता डॅम्पर लावायचा, स्टीअरिंग मधोमध बांधून ठेवायचं, हबवर सपाट ॲल्युमिनियमची पाटी आणि तिच्यासमोर एकमेकांपासून 300 मिमी अंतरावर दोन डायल गेज. जॅकने हब 10-10 मिमीने हलवायचा, उभ्या उंचीच्या 40 मिमी खालपासून 60 मिमी वरपर्यंत. दोन गेजमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा फरक म्हणजे टोमध्ये (वरून पाहता चाक आत-बाहेर वळल्याचा कोन) साधारण 6 मिनिटं, म्हणजे अंशाचा दहावा भाग.

आकडे कागदावर मांडले की गाडी स्वतःच बोलते. सरळ तिरकी रेषा आली तर बाहेरच्या टोकाची उंची चुकलेली. चाक वर जावो की खाली, टो एकाच दिशेला वळत असेल तर टाय रॉडची लांबी चुकलेली, आणि तिथे कितीही शिमा (पातळ चकत्या) घातल्या तरी उपयोग नाही. रॅक (टाय रॉडना डावी-उजवीकडे सरकवणारी स्टीअरिंगची दातेरी दांडी) चाकाच्या मध्यरेषेमागे आणि रॉड बाहेरच्या बाजूला चढता असेल तर चाक वर जाताना टो-आउट होतो, म्हणजे चाकाचा पुढचा भाग बाहेर वळतो. अशा वेळी बाहेरचं टोक खाली आणायचं: स्टीअरिंग आर्मच्या भोकात टेपर बुश, त्यातून 10.9 ग्रेडचा 12 मिमी बोल्ट, खाली रॉड एंड, मध्ये शिमा. टेपरला निळा मार्किंग रंग लावून किमान तीन चतुर्थांश भाग टेकतो की नाही ते बघायचं. रॉड एंडखाली त्याच्या गोळीपेक्षा मोठा वॉशर हवाच. गोळी निसटली तरी स्टीअरिंग हातून जात नाही. 12 मिमीपासून सुरुवात करून 1-1 मिमीने वाढवत जायचं. डावी आणि उजवी बाजू सारखी निघेलच असं नाही. वरखाली 40 मिमीपर्यंत 3 मिनिटांच्या आत, म्हणजे गेजवर पाव मिलिमीटर, आलं की थांबायचं.

उरलेलं थोडक्यात. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच कसायचे. लटकत्या आर्मवर कसले तर रबर पीळ घेऊन बसतं आणि लवकर फाटतं. मग ड्रायव्हरच्या सीटवर 70 किलो, अर्धी टाकी, टायरमध्ये सारखी हवा. चाकांखाली ग्रीस लावलेल्या दोन-दोन लाद्या. क्रम असा: उंची, कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा बाजूने दिसणारा कल), कॅम्बर आणि शेवटी टो. कॅम्बर उणे दीड अंश, दोन्ही बाजूंच्या कॅस्टरमधला फरक अर्ध्या अंशाच्या आत, टो शून्य. नायलॉक नट दुसऱ्यांदा वापरायचे नाहीत. प्रत्येक नटावर रंगाची रेघ ओढायची आणि 100 व 500 किलोमीटरला ती सरकली का ते पाहायचं.

ही मापं चारचौघांत मांडायला तुम्ही हो म्हणालात, त्याचे वेगळे आभार. पावसाळ्यात खड्ड्यांनी पिनांची परीक्षा घेतलेली असेल. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळ्या बाहेर काढून डाय पेनेट्रंटसह (तडे दाखवणारा रंगीत द्रव) घेऊन येतो. लेथला हार घालण्याआधी तुमच्या नजरेखालून तडे तपासून घेऊ.

आपले कृतज्ञ,
बडोद्याचे पालिओवाले