जमिनीच्या गारव्यावरचा एसी: आधी हे तपासा

महोदय,

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास गेला की जमिनीच्या गारव्यावर चालणाऱ्या एसीची चर्चा रंगते. आठ-दहा मीटरखाली जमिनीचे तापमान वर्षभर २७-२८ अंशांच्या आसपास राहते. घरातली उष्णता हीट पंप, म्हणजे उष्णता एकीकडून ओढून दुसरीकडे सोडणारे यंत्र, तिथे सोडतो.

एसीच्या एका टनाला साधारण ६० ते ९० मीटर बोअर लागतो. त्यात एचडीपीई या टणक प्लास्टिकच्या पाइपचा यू-लूप (खाली जाऊन वर येणारा वळसा) सोडायचा; त्यातून फिरणारे पाणी उष्णता जमिनीला देते. त्याचे सांधे तापवून जोडलेले हवेत आणि दाबाची चाचणी लूप खाली सोडण्यापूर्वीच व्हायला हवी. मग बेंटोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीचा गारा तळापासून वर भरत आणायचा. इथेच चलाखी होते: वरून मुरूम ढकलला जातो, मध्ये हवेच्या पोकळ्या राहतात, उष्णता अडते.

काळ्या मातीत उथळ आडवे पाइप टाकूच नयेत. उन्हाळ्यात भेगा पडल्या की माती पाइपपासून सुटते. यावल-रावेरचा ओला गाळ उष्णता चांगली नेतो. पण तिथली पाणीपातळी खोल गेलेली, म्हणून हिशेब उन्हाळी पातळीखालच्या बोअरच्या लांबीवरच करावा.

आपल्याकडे हिवाळ्यात घर तापवावे लागत नाही, त्यामुळे उष्णता एकाच दिशेने जाते आणि जमीन दरवर्षी थोडी तापत राहते. दोन बोअरमध्ये किमान सहा मीटर अंतर ठेवावे, आंघोळीचे पाणीही याच हीट पंपावर तापवावे, म्हणजे तेवढी उष्णता जमिनीत जात नाही. कोटेशनमध्ये हे क्वचितच दिसते. स्लॅबला आधी उष्णतारोधक थर दिला, तर मुळात टनच कमी लागतात.

– एक वाचक, भुसावळ