ओव्हनचा कोड जात नसेल, तर आधी कनेक्टर तपासा

महोदय,

गणपती जवळ आले, की रत्नागिरी-सिंधुदुर्गात नानकटाई आणि केकच्या घरगुती ऑर्डरी सुरू होतात आणि पावसात महिना-दोन महिने बंद पडून राहिलेले इलेक्ट्रिक ओव्हन पुन्हा लावले जातात. डिस्प्लेवर एरर कोड येतो, बंद-चालू केल्यावर जातो, दहा मिनिटांत परत हजर. मग 'बोर्ड (ओव्हन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) गेला' म्हणून सरसकट नवा बोर्ड बसवला जातो आणि हजारो रुपये मोजूनही कोड तसाच राहतो.

एकाच कोडचा अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळा असतो, म्हणून आधी पुस्तिका पाहावी. तिथे 'सेन्सर', म्हणजे आतलं तापमान मोजणारा भाग, असं लिहिलं असलं, तरी सेन्सर खराब झालाच असं धरू नये. सेन्सरकडून आलेलं माप बोर्डाला पटलं नाही, एवढंच त्यातून कळतं. त्या वाटेत सेन्सर, दोन वायरी, त्या जोडणारा मधला कनेक्टर आणि शेवटी बोर्ड असतो. आपल्या खाऱ्या, दमट हवेत सगळ्यात आधी खराब होतो तो कनेक्टर. पिन ओढून पाहिली तर तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक दिसतो.

एमसीबी पाडून, प्लग काढून, ओव्हन पूर्ण थंड झाल्यावरच मागचा पत्रा उघडावा. मायक्रोवेव्ह किंवा कॉम्बी (मायक्रोवेव्ह आणि ओव्हन एकत्र) असेल तर घरी अजिबात उघडू नये. त्यातला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, प्लग काढल्यावरही जीवघेणा चार्ज धरून ठेवतो. साध्या ओव्हनमध्ये कनेक्टर सोडवून मल्टीमीटरने सेन्सरचा रेझिस्टन्स (विजेला होणारा रोध) मोजावा. पीटी-1000 जातीचा (प्लॅटिनमचा, शून्य अंशाला 1000 ओहमचा) सेन्सर 30 अंशांना सुमारे 1117 ओहम दाखवतो, पीटी-500 सुमारे 558. मीटर काहीच दाखवत नसेल तर सेन्सर तुटला. दोन्हीपैकी एखादी वायर ओव्हनच्या बॉडीशी जोडलेली असल्याचं मीटरवर दिसत असेल, तरीही तो बदलावा. माप बरोबर आलं तर कनेक्टर परत जोडून तेच माप बोर्डाकडच्या टोकाला, तिथला प्लग काढून, घ्यावं. दोन मापांत दोन-चार ओहमपेक्षा जास्त फरक आला, की दोष वायर किंवा कनेक्टरमध्ये. दोन्हीकडे बरोबर असेल आणि कोड तरीही येत असेल, तेव्हाच बोर्डावर संशय घ्यावा.

पीटी-1000 मध्ये एका अंशाला जेमतेम 4 ओहम बदलतात. कळंकामुळे 40 ओहम वाढले, की ओव्हन खरा आहे त्यापेक्षा दहा अंश जास्त तापलाय असं बोर्ड समजतो आणि कॉइल लवकर बंद करतो. केक मधे कच्चा राहू लागतो तो यामुळेही, कोड दिसण्याच्या कितीतरी आधी.

कनेक्टर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करावा, पिन सैल असेल तर बदलावी. वायरी पिळून त्यावर टेप गुंडाळणं हा इथला नेहमीचा आणि सगळ्यात वाईट उपाय. उष्णतेने टेप वितळते आणि सांधा पुन्हा सैल होतो. उष्णतारोधक, फायबरग्लास आवरणाची वायर आणि तिच्या टोकाला दाबून बसवलेली थिंबलच (धातूची टोपी) हवी.

कोड थंड ओव्हनमध्ये लगेच न येता तापल्यावरच येत असेल, तर कूलिंग फॅन फिरतो का तेही बघावं.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा रिकामा ओव्हन 100 अंशांवर अर्धा तास चालवला, तर आत ओल धरत नाही.

दुरुस्ती करणाऱ्यांनी सेन्सरकडचं आणि बोर्डाकडचं अशी दोन्ही मापं बिलावर लिहावीत, ग्राहकांनी ती मागून घ्यावीत आणि काढलेला जुना बोर्डही परत घ्यावा.

— ओव्हन दुरुस्ती करणारे काही तंत्रज्ञ, रत्नागिरी